मास्टर नीरजचं तोंड

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण इंदूरमध्ये चाळिशी उलटलेले बरेच लोक मला ओळखतात ते भीतीमुळेच. आठ वर्षांचा असताना मी एका हिंदी सिनेमात होतो. घरात चोर शिरतात, पोरगा कपाटात लपतो आणि फटीतून बाहेर बघतो, एवढंच माझं काम. पण त्या फटीतलं माझं तोंड थेट पोस्टरवर गेलं. डोळे फाटलेले, ओठ आत ओढलेले, हनुवटी लटलट हलतेय. 'मास्टर नीरज' असं नाव झालं. पुढे आणखी तीन सिनेमे मिळाले, तिन्हींत मला घाबरवलं आणि तिन्ही पडले. मग आवाज फुटला, मिसरूड आलं आणि मुंबईने मला सन्मानाने घरी पाठवलं. आता मी इंदुरातच, पलासियाला एका विम्याच्या ऑफिसात बसतो. म्हणजे आता दुसऱ्यांना घाबरवतो म्हणा ना.

तरी ते तोंड काही सुटलं नाही. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात असलो की खांद्यावर हात पडतोच. "भिया, आप वोइच हो ना? एक बार वो मुँह बना के दिखाओ ना यार." मी दाखवतो. नाही म्हणायला जेवढी हिंमत लागते तेवढी माझ्यात नाही. लग्नामुंजीत तर नवरदेवाआधी माझाच नंबर लागतो. आणि माझी मुलगी ईशा, ती तर त्या तोंडावरच वाढली. तान्ही असताना ती रडायला लागली की मी ते तोंड करायचो आणि ती खुदकन हसायची. आता ती आठ वर्षांची आहे, पण अजून जेवताना मध्येच म्हणते, "बाबा, ते तोंड कर ना," आणि मी केलं की घास बाहेर येईपर्यंत हसते. जगातलं सगळ्यात विनोदी तोंड कुठलं असं तिला विचारलं तर ती माझं नाव सांगेल.

ते तोंड पहिल्यांदा कसं आलं, ते मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझे टेक वाया जात होते. मला भीतीच वाटेना, कारण चोर झालेला नट मला सकाळपासून बिस्किटं देत होता. शेवटी डायरेक्टर माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "बेटा, तेरे बाबा की स्कूटर को ट्रक ने मार दिया." मी आईकडे बघितलं. आईने मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला. मला उचलून कपाटात बसवलं, आणि माझं जे काही व्हायचं ते फटीतून झालं. मग टाळ्या वाजल्या, आणि पडद्यामागून बाबा आले, हातात माझ्यासाठी उसाचा रस घेऊन. ते हसत होते. मी त्यांच्या पोटाला हात लावून बघितला.

ते सगळेच त्यात सामील होते, हे मला तिथेच कळलं. वाईट माणसं नव्हती ती. पोराचं भलं होतंय असंच त्यांना वाटत होतं. पण पुढे बाबा खरोखर गेले, डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं, तेव्हा मी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. मी त्यांच्या मागच्या दाराकडे बघत उभा राहिलो. कोणीतरी हसत बाहेर येईल म्हणून.

आणि अशा माणसाच्या घरात ईशाला वेब सिरीजमध्ये काम मिळालं. उद्योग आईचा. सरलाबाईंना, म्हणजे माझ्या आईला, नातीत पुन्हा एकदा पोस्टर दिसायला लागलं होतं. तिने मला न विचारता फोटो पाठवले, आणि पोरगी निवडली गेली. विनीता, माझी बायको, बँकेत आहे, तिचं डोकं जागेवर असतं. ती म्हणाली, "चार दिवसांचं काम आहे, पोरगी खूश आहे. तू कशाला एवढा घबरावतोस?"

घाबरायचं कारण मला नीट सांगताही येत नव्हतं. पण त्या दिवसापासून झोपेत मला ईशा कपाटात दिसायची. शेवटी मी जाऊन डायरेक्टरला भेटलो. जयेश नाव त्याचं, मूळचा इंदूरचाच, तिशीतला पोरगा, कानात बाळी. मी त्याला सरळ विचारलं, पोरीला रडवायला तुम्ही काय करणार?

तो हसला. "सर, वो जमाना गया. आता वर्कशॉप असतात, ग्लिसरीन असतं. टेन्शन नका घेऊ. आणि तुमचं ते तोंड म्हणजे क्लासिक आहे हां! आम्ही लोकं बचपनमध्ये टीव्हीवर बघून त्याची नक्कल करायचो."

तो एवढं गोड बोलला की माझी भीती दुप्पट झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी रोज जेवणानंतर ईशाला घेऊन बसायला लागलो.

"सेटवर तुला कोणी म्हणालं, आई पडली, तर?"

"खोटं."

"आजीला दवाखान्यात नेलंय?"

"खोटं. ते लोक मला रडवायला बोलतात."

"साप निघाला? आग लागली?"

"खोटं, खोटं. मला पता आहे बाबा." मग तिने जरा विचार करून विचारलं, "आणि तू बोलला तर?"

मला बाबा आठवले, तो उसाचा रस आठवला. "मी बोललो तरी खोटंच समज," मी म्हणालो. "मीसुद्धा त्यांच्यात सामील झालो असेन असं समजायचं."

तिला हा खेळ भलताच आवडला. आणि मला वाटलं, आता माझ्या पोरीला कोणी हात लावू शकत नाही.

शूटिंग शहराबाहेर, हातोदच्या पुढे होतं, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात. विनीताला सुट्टी मिळेना, म्हणून मी रजा टाकून ईशाबरोबर गेलो. बाहेर टळटळीत ऊन आणि आत अंधार, कारण सगळ्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. टँकर आणून जमिनीवर घोट्याएवढं पाणी भरलं होतं. एका टोकाला माल उतरवायचा सिमेंटचा ओटा, तिथे ईशा उभी. दुसऱ्या टोकाला, दाराशी, कोरड्या फळ्यांवर कॅमेरा आणि आम्ही सगळे. हरवलेली मुलगी ओट्यावरून अनवाणी पाण्यात उतरते आणि रडत रडत कॅमेऱ्याकडे चालत येते, एवढाच शॉट. दोन्ही बाजूंना उंच स्टँडवर लाइट होते आणि त्यांच्या जाड वायरी भिंतीच्या खिळ्यांवरून बाहेरच्या जनरेटरकडे गेल्या होत्या. मी त्या वायरींकडे बघून घेतलं. भित्र्या माणसाची सवय. सगळं पाण्याच्या वर होतं.

ईशा पाण्यात उतरायची, छान चालायची, पण रडू येईना. ग्लिसरीन घातलं तर डोळे चोळत बसली. पुन्हा ओट्यावर, पुन्हा पाण्यात, पुन्हा ओट्यावर. जयेशच्या बोलण्यातली साखर कमी व्हायला लागली. मग त्याची असिस्टंट रुची माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "सर, बुरा मत मानना. तुम्ही जरा बाहेर जाऊन थांबता का? आम्ही तिला बस एवढं बोलणार की पापांना अटॅक आला. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही तर समजू शकता, सर."

किती वर्षांनी तसलंच वाक्य ऐकत होतो, आणि या वेळी पडद्यामागे उसाचा रस घेऊन उभं राहायची पाळी माझी होती. "खबरदार," मी म्हणालो. "माझ्या पोरीशी असलं काही केलंत तर आत्ताच्या आत्ता घेऊन जाईन." मी हळूच बोललो, पण हात जोरात हलवले असणार. कारण ओट्यावरून ईशाने ते सगळं बघितलं. आमची कुजबुज बघितली आणि मला लांबून डोळा मारला. म्हणजे तिला वाटलं, झालं, आता तो खेळ सुरू होणार.

जयेश म्हणाला, "ठीक आहे सर, एक आणखी टेक करू या. जसं होईल तसं." लाइट जरा जवळ घ्यायला सांगितला. दिनानाथ नावाचा लाइटवाला पाण्यात उतरून स्टँड सरकवत होता. स्टँड एका फळीत अडकला, तिरका झाला, आणि लाइटसकट आडवा पाण्यात पडला. भस्सकन आवाज झाला, एका बाजूचा उजेड गेला. दिनानाथ उलटा फेकल्यासारखा आमच्या फळ्यांवर येऊन पडला.

"करंट! पानी में करंट है!" तो ओरडला. त्याचा डावा हात आपोआप उडत होता. "जनरेटर बंद करो रे!"

कोणीतरी दारातून बाहेर धावलं. पण जनरेटर गोदामाच्या मागच्या अंगाला होता, मोठी चक्कर मारून जायला लागायचं, आणि त्याचा आवाज एवढा की ओरडून उपयोग नाही. दुसऱ्या बाजूचा लाइट अजून पेटलेला होता. वीज चालूच होती.

आणि ओट्याच्या कडेला ईशा उभी होती, अनवाणी. पाणी तिच्या पायांखाली हातभर अंतरावर.

"ईशा, पाण्यात उतरू नको!" जयेश किंचाळला. "करंट है बेटा, पीछे जा, पीछे!"

ईशा हसली.

"मला पता आहे!" ती तिथून ओरडली. मग तोंड गंभीर करून हरवलेली मुलगी झाली, आणि कडेवर बसून एक पाय खाली सोडला.

आता सगळेच ओरडायला लागले. रुची रडत होती, हात जोडत होती. ईशा एकेकाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत कौतुक होतं, काय छान करतायत हे लोक! मी पुढे झेपावलो तर दिनानाथने माझी कमर धरली. "बाबूजी, मर जाओगे, उस तक पहुँचोगे भी नहीं."

"ईशा!" मी ओरडलो. "ईशा, खरं आहे हे! बाबा सांगतोय, खरं आहे! पाय वर घे!"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती खदखदून हसली. "बाबा! तेच तोंड!"

तेव्हा मला कळलं की माझं काय झालंय. माझे डोळे फाटले होते, ओठ आत गेले होते, हनुवटी लटलट हलत होती. खरी भीती होती ती, आयुष्यातली सगळ्यात खरी, आणि ती तशीच दिसत होती. मला घाबरायला दुसरं तोंडच नव्हतं. मी जितका घाबरणार होतो तितकी ती हसणार होती. तिचा पाय पाण्याच्या अगदी जवळ आला होता, अंगठा खाली करून ती पाणी शोधत होती. आणि तिला मीच शिकवलं होतं, बाबा बोलला तरी खोटं.

मी तोंडावरून हात फिरवला. पुसून काढल्यासारखा. मग दिनानाथचा हात सोडवला, कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि कंटाळल्यासारखा सुस्कारा सोडला.

"ते राहू दे," मी म्हणालो. आवाज घरातला काढला, सकाळी शाळेची रिक्षा वाजते तेव्हाचा. "चपला कुठेत तुझ्या?"

ईशा थांबली.

"रविवारी घेतलेल्या नव्या चपला, ईशा. कुठे काढल्यास?"

"इथेच," ती म्हणाली. जरा नाराजीने. खेळात असलं काही बोलतात का?

"इथेच म्हणजे कुठे? मला तर दिसत नाहीयेत. मागच्या वेळी बागेत एक हरवून आलीस. आता ही जोडी हरवली तर आई मला आणि तुला, दोघांना बाहेर उभं करेल. ऊठ, बघ आधी."

तिने पाय वर घेतला. चेहऱ्यावर तो नेहमीचा वैताग आला, जो मी रोज बघतो आणि ज्याच्यावरून रोज ओरडतो. ती उठली आणि पाठ करून ओट्यावर मागे गेली, पोत्यांच्या थप्पीकडे. माझ्या मागे जयेशने तोंडावर हात दाबून धरला होता.

"सापडल्या?"

"एक सापडली."

"दुसरी पोत्यांच्या मागे बघ. वाकून बघ. नुसतं उभ्याने बघून काय दिसणार आहे?"

"बाबा, तू ना, कुठेपण बोर करतोस."

"करतो बोर. बघ."

मी पोस्टरवाला मास्टर नीरज. पण त्या दोन वाक्यांएवढा अभिनय मी जन्मात केला नव्हता. आत काळीज नुसतं उड्या मारत होतं आणि वर मी जांभई देत होतो. दुसरी चपलही सापडली. ती दोन्ही हातात घेऊन वळली आणि कडेकडे यायला निघाली. मी म्हणालो, "हातात काय घेतेस, पायात घाल. बक्कल लाव नीट. बसून लाव." ती धपकन खाली बसली आणि बक्कल लावायला लागली. पहिलं लागलं. दुसरं लागेना. मला आता पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात जनरेटरचा आवाज बंद झाला. उरलेला लाइट गेला, गुडुप अंधार झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "बंद हो गया!" मी पाण्यात उतरलो. पाय घालताना वाटलं होतं, आता आपण जाणार, पण थांबता आलं नाही. चुबुक चुबुक करत पलीकडे गेलो, अंधारात चाचपत तिला उचललं आणि परत फळ्यांवर आणून उभी केली. कोणीतरी खिडकीवरचा काळा पडदा ओढून काढला आणि ऊन आत आलं.

"संपलं?" ईशाने विचारलं. "मी रडलीच नाही ना? जिंकली ना मी?"

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. "ईशू, तो खेळ नव्हता. पाण्यात खरंच करंट होता."

"हो, हो," ती हसत म्हणाली. "तू तर चपलांचं बोलत होतास."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. काय दाखवू तिला? घाबरलेलं तोंड दाखवलं तर ती हसत होती, साधं दाखवलं तर साधंच वाटत होतं. बापाजवळ पोरीला पटवून द्यायला काही शिल्लक नव्हतं. मग तिची नजर खाली गेली. तिने नाक वाकडं केलं.

"बाबा, तुझी पँट."

मी बघितलं. पाणी घोट्याएवढंच होतं, पण माझी पँट वरून गुडघ्यापर्यंत भिजली होती. फिकट रंगाची पँट, सगळ्यांना दिसत होती. कधी झालं, मला कळलंही नव्हतं.

"तू सू केलीस?" तिने अगदी हळू विचारलं. मला लाज वाटू नये म्हणून.

"हो."

"का?"

"घाबरलो होतो बेटा. तू जाशील म्हणून घाबरलो होतो."

ती ओल्या डागाकडे बघत राहिली. मग मागे वळून पाण्यात आडव्या पडलेल्या लाइटकडे बघितलं. दिनानाथच्या उडणाऱ्या हाताकडे बघितलं. आणि तिचं तोंड बदललं. खालचा ओठ पुढे आला, नाक लाल झालं आणि तिने असा हंबरडा फोडला की मला धरून ठेवणं कठीण झालं. "मी पाय टाकणार होती," ती म्हणत होती. "बाबा, मी टाकणार होती."

मी तिला घट्ट धरलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिलो. आणि मग मला ती शांतता ऐकू आली. एवढी माणसं, आणि कोणी धावत येईना, पाणी देईना, एक शब्द बोलेना. ती शांतता मी लहानपणापासून ओळखतो. मी मान वर केली.

जयेश कॅमेऱ्याशेजारी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात वर होता, हलू नका असं सगळ्यांना सांगत. कॅमेरा बॅटरीवर चालतो, त्याला जनरेटर लागत नाही. त्यावरचा बारीक लाल दिवा लागलेला होता आणि लेन्स ईशाच्या तोंडावर होती.

मी उठलो. ईशाला पाठीमागे घेतलं, चालत गेलो आणि लेन्सच्या अगदी समोर उभा राहिलो. माझी ओली पँट त्यात सगळी मावत असणार.

"सर," जयेश पुटपुटला. "प्लीज. बस दस सेकंद."

मागून ईशाने माझा शर्ट मुठीत धरला होता आणि ती हुंदके देत होती.

"माझं तोंड घे," मी म्हणालो. "किती पाहिजे तेवढं घे."

लाल दिवा लागलेलाच होता. मी हललो नाही.